सहावा बोल्ट

स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण कापलं की डाव्या पुढच्या चाकातून कट-कट-कट असा आवाज यायचा. आधी फक्त पार्किंगमधून गाडी काढताना यायचा, नंतर चौकात वळतानाही यायला लागला. चाकाच्या मागे हात घातला तर बोटं काळ्या ग्रीसने भरली. रिमच्या आतल्या बाजूला, स्ट्रटवर, ब्रेकच्या पाइपवर, सगळीकडे ग्रीसचे शिंतोडे. बाहेरच्या सीव्ही जॉइंटचा, म्हणजे चाक वळलेलं असतानाही त्याला फिरवत ठेवणाऱ्या सांध्याचा, रबरी बूट (ग्रीस आत धरून ठेवणारं आवरण) घडीवर फाटला होता आणि फिरताना आतलं ग्रीस बाहेर फेकत होता. ग्रीस गेलं आणि धूळ आत शिरली की जॉइंटमधल्या पोलादी गोळ्या आणि त्यांच्या खाचा झिजतात. एकदा कट-कट सुरू झाली की नुसता बूट बदलून भागत नाही, जॉइंटच बदलावा लागतो.

गाडी पहिल्या पिढीची ऑक्टाव्हिया, १.९ लिटरचं टीडीआय डिझेल इंजिन. बाबांनी घेतलेली. आमच्या छत्रपती संभाजीनगरला शेंद्र्याच्या एमआयडीसीत जुळवलेली, त्यामुळे घरात तिच्याबद्दल 'आपल्या गावची गाडी' अशीच भावना. बाबा गेल्यावर ती विकायची नाही हे ठरलेलंच होतं. तिची कामं मी गेली काही वर्षं स्वतः करतो. ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड, सस्पेन्शनचे बुश हे सगळं झालं होतं. ड्राइव्ह शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत जाणारा, दोन्ही टोकांना असा जॉइंट असलेला दांडा, मात्र पहिल्यांदाच काढणार होतो.

काम कागदावर सरळ आहे. गाडी जमिनीवर असतानाच हबचा (चाक ज्यावर बसतं त्या भागाचा) मधला मोठा नट सैल करायचा. मग गाडी उचलायची, चाक काढायचं, गिअरबॉक्सच्या बाजूचे सहा बोल्ट खोलायचे, खालचा बॉल जॉइंट कंट्रोल आर्मपासून (चाकाला खालून धरणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्यापासून) सोडवायचा, हब बाहेर ओढून शाफ्ट काढून घ्यायचा. बाकीचं काम टेबलावर. ऑक्टाव्हियात आतला जॉइंट गिअरबॉक्समध्ये नुसता खोचलेला नसतो. तो गिअरबॉक्सच्या फ्लँजवर (बाहेर आलेल्या गोल तबकडीवर) एम-८, म्हणजे ८ मिलिमीटर जाडीच्या, सहा बोल्टांनी आवळलेला असतो. दोन-दोन बोल्टांच्या डोक्याखाली मिळून एक पट्टी, अशा तीन पट्ट्या.

या बोल्टांची डोकी षटकोनी नसतात. गोल डोक्यात खड्डा आणि खड्ड्यात बारा दाते. तीन चौकोन ३० अंशांनी फिरवून एकमेकांवर ठेवले की जो तारा तयार होतो, तो हा आकार. त्याला ट्रिपल स्क्वेअर किंवा एक्सझेडएन म्हणतात. वरवर पाहिलं तर टॉर्क्ससारखाच, म्हणजे सहा टोकांच्या ताऱ्यासारखाच दिसतो. टॉर्क्सचा जवळपासच्या मापाचा बिट त्यात जातो, कधी कधी एल-कीसुद्धा जाते, आणि हीच खरी अडचण आहे. जातो म्हणजे बसतो असं नाही. दात्यांच्या टोकांवर तेवढा सगळा जोर आला की टोकं वाकतात, आणि पुढच्या वेळी योग्य बिट लावला तरी त्याला धरायला काही उरत नाही. म्हणून मी आधीच चांगल्या पोलादाचा, लांब दांडीचा ८ नंबरचा एक्सझेडएन बिट मागवून ठेवला होता.

शनिवारी सकाळी सात वाजता सुरुवात केली. मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले. हबच्या नटवर गोटी (सॉकेट), गोटीवर लांब दांडी, दांडीवर चार फुटांचा पाइप. पहिल्या झटक्यात नट सुटला. हा नट सैल असताना गाडी जराही ढकलायची नाही, कारण बेअरिंगवरचा दाब गेलेला असतो आणि गाडीचं वजन पडलं तर बेअरिंग खराब होतं. मग जॅक लावून डावी बाजू उचलली आणि खाली स्टँड लावला. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली मी डोकं घालत नाही, दोन मिनिटांचं काम असलं तरी नाही.

गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवली. उजवं चाक जमिनीवर, इंजिन बंद, म्हणजे डावा शाफ्ट फिरू शकत नाही. पुढच्या बोल्टाकडे जायचं तर न्यूट्रल करून हब हाताने फिरवायचा आणि परत गिअर टाकायचा. प्रत्येक बोल्टाचा खड्डा टोकदार सुईने कोरला, ब्रेक क्लीनरचा फवारा मारला, बिट घातला, मागून हातोडीने दोन टोले दिले आणि मग दांडी फिरवली. टक् असा आवाज करून एकेक बोल्ट सुटला. पाच बोल्ट वीस मिनिटांत निघाले.

सहावा बोल्ट फिरून वर आला तेव्हा त्याचा खड्डा काळ्या ग्रीसने भरलेला होता. फडक्याने पुसला, फवारा मारला, दाते दिसले, बिट घातला. दांडीवर जोर दिला आणि बिट खड्ड्यातल्या खड्ड्यात घसरला. हाताला ते लगेच कळतं. बोल्ट सुटतानाचा झटका कोरडा आणि स्वच्छ असतो. हा झटका मऊ होता, लोणी कापल्यासारखा.

बिट बाहेर काढला तर त्याच्या खाचांत चमकणारी तार अडकलेली, म्हणजे बोल्टाच्याच दात्यांचं लोखंड. मी डोक्यावर टॉर्च बांधून खाली सरकलो आणि खड्ड्यात नीट पाहिलं. वरचे दाते सोलून निघाले होते, आणि त्यांच्या मधे जुने गोलसर वळ दिसत होते. माझ्या आधी कुणीतरी इथे चुकीचं हत्यार चालवलं होतं. काही वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये क्लच बदलला होता आणि तेव्हा हे शाफ्ट सोडवावेच लागले असणार. पण सगळा दोष तिकडे टाकता येत नाही. मी सुई आत घातली तर ती तळापर्यंत जाईना. तळाला काहीतरी टणक होतं. खरवडत राहिलो तर काळा चुरा पडायला लागला.

ती आमच्या गावाकडची माती होती. गाव कन्नड तालुक्यात. शेवटचे तीन किलोमीटर काळ्या जमिनीतून जाणारा रस्ता आहे आणि पावसाळ्यात तो चिखल चाकाच्या आत कुठे कुठे जाऊन बसतो. एक्झॉस्टच्या उष्णतेने तो वाळतो, वर ग्रीस पडतं, परत वाळतो. खड्ड्याच्या तळाशी सुमारे तीन मिलिमीटर जाडीची पक्की चकती झाली होती. माझा बिट त्या चकतीवर टेकून उभा होता. आधीच्या पाच बोल्टांत तो नखभर जास्त आत जात होता. ते मी पाहायला हवं होतं. बिटवर खडूची एक रेघ मारून ठेवली असती तरी सहाव्या बोल्टात ती रेघ बाहेर राहिलेली दिसली असती. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक बिटवर पांढऱ्या रंगाची खूण आहे.

माती सगळी कोरून काढल्यावर तळाशी दात्यांचा थोडा भाग शाबूत दिसला. बिट परत ठोकून बसवला आणि या वेळी अगदी हळू जोर वाढवत नेला. क्षणभर धरल्यासारखं वाटलं. मग तेही दाते गेले आणि खड्डा जवळपास गोल झाला.

दुपारपर्यंत जे जे केलं ते सांगतो, कारण यातले काही उपाय दुसऱ्या जागी नक्की चालतात. सगळ्यात आधी गंज सोडवणारं तेल मारून तासभर थांबलो. मग शेजारचे दोन बोल्ट परत घालून चांगले आवळले. शेजारच्यांनी जॉइंट दाबून धरला की अडलेल्या बोल्टावरचा ताण कमी होतो. जाणती माणसं हे नेहमी करतात आणि याने नुकसान काहीच होत नाही. त्यानंतर एक नंबर मोठा टॉर्क्स बिट खड्ड्यात ठोकून बसवला. कडा कापत तो आत गेला, बसलाही घट्ट, पण फिरवताना परत तसाच घसरला. लॉकिंग प्लायरने डोकं बाहेरून पकडायचा प्रयत्न केला. एका बाजूला पट्टी, दुसऱ्या बाजूला बुटाची टोपी, त्यामुळे जबडा पुरेसा खाली जातच नव्हता. मग छन्नी घेतली. डोक्याच्या कडेला खाच पाडायची आणि छन्नी तिरपी धरून बोल्ट सुटायच्या दिशेने टोले द्यायचे. जागा असेल तिथे हा उपाय माझ्या मते सगळ्यात चांगला, कारण टोल्याने बोल्ट हादरतोही आणि फिरतोही. इथे हातोडी मागे न्यायला एक वीतभर जागा होती. खाच पडली, डोकं हललं नाही.

दोन वाजता बायकोने जेवायला बोलावलं. जेवलो आणि वाळूजला लेथचं शेड असलेल्या एका ओळखीच्या काकांना फोन लावला. त्यांचं आयुष्य तुटलेले बोल्ट काढण्यात गेलंय. मी सगळं सांगितलं आणि म्हणालो, "काका, आता इझी-आउट घालतो." इझी-आउट म्हणजे बोल्टात भोक पाडून त्यात रुतवायचा, उलट्या आट्यांचा दांडा.

"नको," ते लगेच म्हणाले. "बोल्ट निघत नाही म्हणजे पकड आहे. तुमचं ते इझी-आउट काचेसारखं असतं. आत तुटलं की मग त्याच्यात ड्रिल पण चालत नाही. मग गिअरबॉक्स उतरवून माझ्याकडे आणावा लागेल."

"मग नट ठेवून वेल्डिंग मारून घेऊ का?"

"उघड्यावर असता तर मीच सांगितलं असतं. वेल्डिंगची गरमी आतपर्यंत जाते, बोल्ट हमखास सुटतो. पण तिथे सगळं ग्रीस, वर रबर, आणि तुम्ही खाली आडवे पडलेले. पेट घेतला तर बाहेर कधी निघणार? ते डोकं उडवा ना बाबा. डोकंच नाही राहिलं, तर धरतंय कोण?"

शेवटचं वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं नाही. मला वाटत होतं की अडचण आट्यांत आहे. बोल्ट इतकी वर्षं आत बसलाय, गंजलाय, फ्लँजच्या आट्यांत जाम झालाय. डोकं उडवलं तर आत राहिलेला तुकडा कसा काढायचा, याचीच भीती होती. त्या भीतीपोटीच दिवसभर डोकं वाचवायच्या मागे लागलो होतो.

संध्याकाळी शहरात जाऊन कोबाल्टचा ८.५ मिलिमीटरचा ड्रिल बिट आणला. हे बोल्ट कठीण पोलादाचे असतात, साधा बिट त्यांच्यावर नुसता घासतो आणि धार गमावतो. माप ८.५ का, तर बोल्टाची दांडी ८ ची. त्याहून किंचित मोठं भोक डोक्यातून आरपार गेलं की डोकं दांडीपासून वेगळं होतं. गोल झालेला खड्डा इथे कामाला येतो. तो बरोबर मध्यभागी असतो, त्यामुळे बिट सरकत नाही आणि सेंटर पंचाची गरज लागत नाही.

रविवारी सकाळी पहिली अडचण जागेची आली. बोल्टाचं डोकं चाकाच्या बाजूला तोंड करून असतं आणि त्याच्या शेजारूनच शाफ्ट जातो. ड्रिलचा चक आतल्या बुटाला टेकत होता आणि बिट तिरपा बसत होता. आतला बूटही बदलायचाच होता, म्हणून तो कटरने कापून काढला. हातभर काळं ग्रीस खाली पडलं. ते सगळं फडक्यांनी पुसून, फडकी बादलीत टाकून, जागा कोरडी केली. आता चक शाफ्टला जवळजवळ चिकटून, पण सरळ बसत होता. जॉइंटच्या उघड्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबलं, म्हणजे लोखंडाचा कीस गोळ्यांत जाणार नाही. डोळ्यांवर गॉगल. हातमोजे काढून ठेवले, फिरत्या बिटजवळ कापड नको.

ड्रिल अगदी मंद चालवलं. वेग वाढवला की बिट किंचाळतो, पोलाद तापतं आणि आणखी कठीण होतं. मंद वेग, भरपूर दाब, आणि दर अर्ध्या मिनिटाला तेलाचे दोन थेंब. कापणं बरोबर चाललंय का हे किसावरून कळतं. पीठ पडत असेल तर बिट घासतोय. माझ्या छातीवर बारीक, कुरळ्या, चंदेरी तारा पडत होत्या. आडवं पडून दोन्ही हातांनी ड्रिल आडवं रेटायचं म्हणजे खांदे भरून येतात. मुलगा टॉर्च धरून बसला होता. मी थांबलो की तो न सांगता तेलाची कुपी पुढे करायचा.

सुमारे दहा मिनिटांनी आवाज बदलला. घर्र घर्र होता तो एकदम हलका झाला आणि बोल्टाचं डोकं बिटसोबत गरगर फिरायला लागलं. ड्रिल बंद करून बिट मागे घेतला तर डोकं बिटवर अंगठीसारखं अडकून बाहेर आलं. 

मग शेजारचे दोन बोल्ट परत काढले. बॉल जॉइंट कंट्रोल आर्मवर कुठे बसला होता त्याच्या रेघा मारून तो सोडवला. या रेघा महत्त्वाच्या, कारण तिथली भोकं थोडी लांबट असतात आणि जागा सरकली तर चाकाचा कोन बदलतो. हब बाहेर ओढला, शाफ्टचं टोक त्यातून काढलं आणि आतला जॉइंट फ्लँजवरून हळूहळू सरकवत बाहेर घेतला. फ्लँजवर सहाव्या बोल्टाची बिनडोकी दांडी उभी होती, साधारण बोटाच्या दोन पेरांएवढी बाहेर.

मी लॉकिंग प्लायर हातात घेतला होता. तेल मारू का, तापवू का, असं मनात चाललं होतं. सहज दांडीला अंगठा आणि तर्जनी लावली आणि ती फिरली. जोर नाही, पाना नाही, दोन बोटांनी. अर्धा वेढा, एक वेढा, आणि पाणी प्यायच्या बाटलीचं झाकण उघडावं तशी ती माझ्या हातात आली. आटे स्वच्छ होते. मधे एक पुसट तांबूस पट्टा, बाकी पोलाद जसं असावं तसं. मी तिथेच जमिनीवर बसून राहिलो. मुलानेही ती दांडी घेऊन दोनदा परत घातली आणि काढली.

काकांच्या बोलण्याचा अर्थ मला तेव्हा उमगला. बोल्ट आवळताना आपण जो जोर लावतो त्याचा साधारण ५० टक्के भाग डोक्याखालच्या घर्षणात जातो, ४० टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि जेमतेम १० टक्के प्रत्यक्ष दाब तयार करण्यात. अभियांत्रिकीत हा ठोकताळा सर्रास वापरतात. आणि आट्यांतलं घर्षणसुद्धा बोल्ट ताणलेला असतो म्हणूनच असतं. बोल्ट म्हणजे ताणलेली स्प्रिंग. डोकं गेलं की ताण गेला, आणि ताण गेला की खालीवर दोन्हीकडची पकड एकदमच सुटते. बोल्ट आट्यांत जाम झालेला नव्हताच. मी शनिवारी दिवसभर ज्या गंजाशी झुंजत होतो तो तिथे नव्हता. ज्यांचे बोल्ट आट्यांतच गंजून एकजीव झालेत, समुद्राकाठच्या गाड्यांचे होतात तसे, त्यांना हे सुख मिळणार नाही, तिथे उष्णताच लागते. पण आमच्याकडच्या कोरड्या हवेत, आणि एवढ्या ग्रीसमध्ये, बोल्ट जाम व्हायचं कारणच नव्हतं. एवढा विचार मी शनिवारी दहा मिनिटं बसून केला असता तर दुपारीच ड्रिल उचललं असतं.

पुढचं काम पटकन झालं. फ्लँजच्या सहाही भोकांतून एम-८, १.२५ पिचचा टॅप हाताने फिरवून आटे साफ केले. शाफ्ट व्हाइसमध्ये धरून बाहेरचा जुना जॉइंट आतल्या कड्यावर टोले देऊन उतरवला. नवा जॉइंट, नवी सर्क्लिप, दोन्ही बाजूंना नवे बूट, काळं मॉलिब्डेनमचं ग्रीस आणि क्लिपा. जुन्या जॉइंटच्या गोळ्यांवर खवले पडले होते, एक खाच तर नखाला लागेल इतकी खोल. आवाज तिथूनच येत होता.

जोडताना सहाही बोल्ट नवे घातले, जे सुस्थितीत निघाले होते त्यांच्या जागीही. जॉइंट आणि फ्लँजची तोंडं पुसून कोरडी केली, कारण मधे ग्रीस राहिलं की जॉइंट सूक्ष्म सरकतो आणि बोल्ट सैल होतात. आधी समोरासमोरचे बोल्ट १० न्यूटन-मीटरला (आवळण्याच्या जोराचं माप), मग सगळे ४० ला. चाळीस हा आकडा ऐकायला लहान वाटतो. ठरवलेला जोर आला की आवाज करणारा पाना, म्हणजे टॉर्क रेंच, कट् म्हणाला तेव्हा मलाही वाटलं की अजून थोडं आवळावं. आवळलं नाही. हबचा नटही नवाच वापरला, तो एकदाच वापरायचा असतो. प्रत्येक बोल्टाच्या खड्ड्यात शेवटी बोटभर ग्रीस दाबून वरून पुसलं, म्हणजे पुढच्या पावसाळ्यातली माती दात्यांपर्यंत पोचणार नाही.

संध्याकाळी सहा वाजता गाडी खाली उतरवली. गल्लीच्या टोकाला मोकळी जागा आहे, तिथे काचा खाली करून स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण कापलं आणि पहिल्या गिअरमध्ये तीन गोल फेऱ्या मारल्या. मग डावीकडे तीन. टायरखाली खडी चुरडल्याचा आवाज येत होता, बाकी काही नाही. मुलगा मागच्या सीटवर खिडकीतून डोकं बाहेर काढून ऐकत होता. "बाबा, अजून एक," तो म्हणाला, आणि मी परत स्टिअरिंग कापलं.

पुढच्या रविवारी गावाला जाऊन आलो. परतल्यावर चाक काढून सहाही बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासले. सहाही जागच्या जागी होते.